चौथ्या बॅचचा आकडा

सोमवारी सकाळी पावणेदहा वाजता ऋता दाबकेने सहा नळ्यांत रंगाचे दोन-दोन थेंब टाकले आणि ती मागे सरून उभी राहिली. सहाही नळ्या पिवळ्या राहायला हव्या होत्या. तीन राहिल्या. उरलेल्या तिन्हींत थेंब पडला तिथून जांभळा रंग धुरासारखा खाली उतरला आणि बघता बघता नळ्या वांग्यासारख्या झाल्या.

चिठ्ठ्या बदलल्या असतील, असं आधी तिच्या मनात आलं. तिने एकेक चिठ्ठी वाचली. जांभळ्या तिन्ही चौथ्या बॅचच्या. पिवळ्या तिन्ही सहाव्या बॅचच्या. शुक्रवारी संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने त्या चिकटवल्या होत्या, आणि अक्षरही तिचंच होतं.

तिने घड्याळ बघितलं. विक्रोळीला अकरा वाजता पहिलं इंजेक्शन होतं. चौथ्या बॅचचं.

अंधेरीच्या एमआयडीसीत, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ही अकरा माणसांची कंपनी होती. ऋताच्या एमएस्सीच्या वर्गमित्राने, मुकुल कारखानीसने, ती काढली होती आणि ऋता तिथे संशोधनप्रमुख होती. सात वर्षं दोघं एकाच गोष्टीच्या मागे होते. एमआरआय काढताना शिरेतून जे औषध देतात, ज्याने गाठ चित्रात उजळून दिसते, त्यातला कामाचा भाग म्हणजे गॅडोलिनियम हा धातू. हा धातू शरीरात मोकळा सुटला तर विषारी. म्हणून त्याला एका रेणूत अडकवून ठेवावं लागतं. रेणूचं एक वेटोळं, त्याला चार हात, आणि मध्ये धातू घट्ट धरलेला. काम झालं की तो सगळा ऐवज मूत्रपिंडातून जसाच्या तसा बाहेर पडायचा.

आता जगभर जास्त ताकदीच्या चुंबकाची यंत्रं येत होती. सात टेस्लाची. त्यांत मेंदूतली बारीकशी शीरही दिसते, पण बाजारातली औषधं तिथे फिकी पडतात. लहान रेणू पाण्यात फार भरभर गिरक्या घेतात. मोठे रेणू इतके सावकाश फिरतात की जुन्या यंत्रांत झकास दिसणारं औषध नव्या यंत्रात मान टाकतं. ऋताने मधल्या चालीचा रेणू बांधला होता. वेटोळ्याच्या पाठीला तिने एक छोटी, ताठ शेपटी लावली होती, तेवढ्याने गिरकी हवी तेवढीच मंदावत होती. औषध पाण्याला किती उजळवतं त्याचा एक आकडा असतो. बाजारातल्या औषधांचा सात टेस्लाला चारच्या आसपास. ऋताचं गणित सांगत होतं की तिच्या रेणूचा सात येईल, फार तर सव्वासात.

नोव्हेंबरात चौथी बॅच मोजली तेव्हा साडेआठ आला.

मुकुलने त्या दिवशी सगळ्या कंपनीला मिसळ खाऊ घातली. पेटंटच्या अर्जात साडेआठ गेला. हैदराबादच्या एका मोठ्या औषध कंपनीला साडेआठ कळवला गेला. तिथले संशोधनाचे प्रमुख, डॉ. चंद्रप्रकाश, स्वतः बघायला यायला तयार झाले. ते आज आले होते. मुकुल त्यांना हॉटेलवरून परस्पर विक्रोळीच्या संस्थेत घेऊन गेला होता. तिथे प्राण्यांसाठीचं सात टेस्लाचं यंत्र होतं आणि तिथे सहा उंदीर तयार होते, मूत्रपिंडं मुद्दाम निकामी केलेले, चार महिने सांभाळलेले. ज्यांची मूत्रपिंडं चालत नाहीत अशा रुग्णांनाही हे औषध देता येईल, हे दाखवायचं होतं.

पाचवी आणि सहावी बॅच सात-सातच्या खालीवर आली होती. दोन्ही बिघडल्या असं सगळ्यांनी धरलं. मुकुल म्हणाला होता, "चारचा उरलेला माल जपून ठेव. पाच-सहाचं नंतर बघू." ऋताला मात्र आतून काहीतरी टोचत राहिलं. बिघडलेल्या दोन बॅचेस गणिताला धरून होत्या आणि चांगली म्हटलेली गणिताबाहेर होती. शेवटी शुक्रवारी तिने कुणाला न सांगता चौथ्या आणि सहाव्या बॅचचे नमुने कडक आम्लात तीन दिवस ठेवले. घट्ट पकड असेल तर आम्लातही धातू सुटत नाही. सुटलाच तर रंग जांभळा होतो.

बिघडली होती ती चौथीच.

तिने मुकुलला फोन लावला. वाजत राहिला. रुचिराला लावला. रुचिरा विक्रोळीच्या संस्थेतली पशुवैद्य, इंजेक्शन तीच देणार होती. तिचाही वाजत राहिला. तेव्हा ऋताच्या लक्षात आलं, की चुंबकाच्या विभागात शिरताना फोन बाहेरच्या कपाटात कुलूपबंद करतात. तिने संस्थेचा लँडलाइन शोधला. खालच्या चौकीवरच्या माणसाने उचलला.

"रुचिरा मॅडमना निरोप द्या. म्हणावं, इंजेक्शन देऊ नका. ऋताचा फोन आहे."

"मॅडम, वरती लाल दिवा लागलाय. आमाला आत जायची परमिशन नाय."

"दार ठोठावा."

"तेची पण नाय. तुमी पाहुण्यांच्या पार्टीतल्या का? मग तुमीच या."

नंदू परब बाजूच्या ओट्यावर काचेची भांडी पुसत होते. सत्तावन्न वर्षांचे, त्यातली एकतीस वर्षं प्रयोगशाळांत काढलेली. वडील मालवणकडून गिरणीत आलेले, हे स्वतः रसायनांत शिरलेले. ऋताचे सगळे रेणू कागदावरून बाटलीत उतरत ते यांच्या हातून. त्यांनी जांभळ्या नळ्या पाहिल्या आणि हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं.

"चार नंबर?" त्यांनी विचारलं.

"हो."

नंदूभाऊंनी हात पुसले. कपाटाकडे गेले, नोव्हेंबरची नोंदवही काढली, बगलेत मारली आणि म्हणाले, "चला मॅडम. फोन करून काय होणार नाय."

रिक्षा लगेच मिळाली, पण सीप्झच्या पुढे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे लावलेले, आणि दोन रांगांची एक झालेली. दहा वाजून पंधरा मिनिटं. ऋता दर दोन मिनिटांनी मुकुलचा नंबर लावत होती आणि पुढच्या टँकरच्या मागचा पत्रा बघत होती.

"समजा दिलं इंजेक्शन," नंदूभाऊ म्हणाले, "तर उंदीर मरणार का?"

"आज नाही मरणार. आज तर चित्र फार सुंदर येणार. चारची चमक जास्त आहे ना. ते चित्र एकदा बघितलं की मग माझं कोण ऐकणार?"

तिला विमलाआत्या आठवली. घाटकोपरची, वडिलांची धाकटी बहीण. आत्या डायलिसिसवर असताना तिचा एमआरआय काढला होता आणि तेव्हा चालायचं ते, ढिल्या पकडीचं औषध तिला टोचलं होतं. त्या काळात कुणाला ठाऊक नव्हतं. तीन महिन्यांनी आत्याच्या पोटऱ्यांची कातडी कडक झाली. ऋता तेव्हा पीएचडी करत होती. आत्याने तिचा हात धरून आपल्या पायावर ठेवला होता, "बघ गं, लाकूड झालंय." खरंच लाकूड झालं होतं. गुडघा वाकत नव्हता. आत्या त्यानंतर दीड वर्ष जगली आणि त्यातलं बहुतेक खाटेवर. पुढे ऋताने हाच विषय का घेतला, असं कुणी विचारलं तर ती शास्त्रीय कारणं सांगायची.

"पण सुटतोय कसा?" ती म्हणाली. "पाच आणि सहामध्ये सुटत नाही. रेणू तोच, कृती तीच. चारमध्ये काय वेगळं झालं?"

नंदूभाऊंनी मांडीवरची वही उघडली नाही. तिच्यावर नुसता हात ठेवून बसले.

"मॅडम, तुमका खरंच आठवत नाय?"

"काय?"

"चौथो हात बसूक येळ लागता. तुम्हीच शिकवलेलं. तीन हात दहा-बारा तासांत बसतात, चौथो सगळीकडे बसूक दोन दिवस. अठ्ठेचाळीस तास."

"मग?"

त्यांनी पान काढून वही तिच्याकडे दिली. त्यांचं अक्षर गोल, शाळेतल्यासारखं. तारीख, वेळ, तापमान, सगळं नेटकं. आणि खाली: 'पहाटे ६ ला सुरू. रात्री ८ वाजता ऋता मॅडमचा फोन. पेटंटसाठी नमुना उद्या पाठवायचा आहे, आहे तिथे थांबवा असे सांगितले. मी म्हटले १४ तासच झाले. मॅडम म्हणाल्या चालेल. ८.१० ला थांबवले.'

ऋताने ते दोनदा वाचलं. त्या संध्याकाळचं तिला धड काही आठवेना. बोरिवलीच्या घरी पाहुणे होते, मुकुलचे एकामागून एक फोन येत होते, वकील थांबला होता. ती 'चालेल' म्हणाली असणार. तिचा तो शब्दच होता.

मग बाकीचं सगळं आपोआप उलगडलं. एक हात कमी, म्हणजे धातूच्या आजूबाजूला एक जागा मोकळी. एका पाण्याच्या रेणूऐवजी दोन तिथे टेकू शकतात, म्हणून चमक जास्त. आणि धरायला हात तीनच, म्हणून पकड ढिली. सगळे रेणू तसे नसणार, तीनातला एक असेल. साडेआठ आकडा त्याचाच. तपासणीच्या आलेखात मुख्य शिखराला एक लहानसा खांदा दिसला होता, हेही तिला आता आठवलं. रेणूंच्या वजनाच्या अहवालातही एक हात कमी असलेला रेणू दिसला होता, आणि तिने समासात लिहिलं होतं, 'मोजणीच्या यंत्रातच तुटलेला तुकडा.' कसलाही पुरावा नसताना लिहिलं होतं.

"तुम्ही मला नंतर बोलला का नाहीत?" तिने विचारलं. आवाजात राग होता आणि तो कोणावर आहे हे तिलाच कळत होतं.

"बोलणार होतो. दुसऱ्या दिवशी आकडो इलो. मुकुल सर नाचत होते. मगे कोण विचारतलो?" नंदूभाऊ बाहेर बघत म्हणाले. "माका वाटलं, तुमका म्हायती आसा. एवढा बरा आकडा आला म्हणजे चौदा तासच बरोबर असतील, असंही वाटलं."

पवईचा तलाव मागे पडला तेव्हा दहा चाळीस झाले होते. गांधीनगरच्या सिग्नलला रिक्षा पुन्हा अडकली. ऋताने भाडं आधीच हातात काढून ठेवलं होतं. ते घामाने ओलं झालं.

संस्थेच्या दारात पोचले तेव्हा अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

चौकीत नाव लिहायला लावलं, फोन जमा करायला लावला, ओळखपत्राचा फोटो काढला. नंदूभाऊंच्या गुडघ्यात स्टीलची पट्टी होती, त्यांना चुंबकापाशी सोडेनात. ते वही घेऊन बाकावर बसले. ऋता जिना चढून वर गेली. दारावर लाल दिवा होता. तिने दार ढकललं.

नियंत्रणकक्ष लहान होता आणि थंड. काचेपलीकडे चुंबकाच्या खोलीत रुचिरा निळ्या गाऊनमध्ये पाठमोरी उभी होती. अलीकडे पडद्यासमोर मुकुल आणि त्याच्या शेजारी सडपातळ, साठीचे डॉ. चंद्रप्रकाश. पडद्यावर उंदराचा मेंदू होता. ऋताने आयुष्यात पाहिलं नव्हतं असं चित्र होतं. केसाहून बारीक शिरा, फांदीला फांदी फुटत गेलेल्या, पांढऱ्याशुभ्र.

"ये ये," मुकुल वळून म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "अगदी वेळेवर आलीस. बघ. पहिल्याचं आत्ताच आलं. सर, ही ऋता. हिचंच बाळ आहे हे."

चंद्रप्रकाश हसून उठू लागले. ऋताने काचेपलीकडे बघितलं. रुचिराने दुसरा उंदीर पाळण्यासारख्या नळीत ठेवला होता आणि शेपटीतली सुई तपासत होती. बाजूच्या ट्रेमध्ये भरलेली सिरिंज होती.

"मुकुल, थांबव," ती म्हणाली. "चार नंबर वापरायची नाही."

मुकुलचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. तो पटकन तिच्याजवळ आला. "बाहेर बोलू. दोन मिनिटं."

"दोन मिनिटांत ती दुसरं देईल."

"देऊ दे. बाहेर ये, ऋता."

त्याने तिच्या कोपराला धरलं. जोरात नाही, पण धरलं. गेल्या वीस वर्षांत त्याने तिला असं कधी धरलं नव्हतं. ऋताला दिसलं की रुचिराने सिरिंज उचलली आहे आणि तिच्यातली हवा काढते आहे. टेबलावर माइक होता, त्याचं बटण दाबलं की पलीकडे ऐकू जायचं. तिने कोपर सोडवलं, टेबलावर वाकली आणि बटण दाबलं.

"रुचिरा, मी ऋता. सिरिंज खाली ठेव. इंजेक्शन देऊ नकोस."

काचेपलीकडे रुचिरा थबकली. मान वळवून तिने आधी ऋताकडे आणि मग मुकुलकडे बघितलं.

"दे गं तू," मुकुल मागून म्हणाला, पण बटणावर बोट ऋताचं होतं आणि तिने ते उचललं होतं, त्यामुळे पलीकडे काही गेलं नाही. रुचिराने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. दोन्ही हात वर करून दाखवले, म्हणजे आता काय करू. ऋताने पुन्हा बटण दाबलं. "उंदीर बाहेर काढ. उरलेल्या पाचांपैकी कुणालाच द्यायचं नाही. पहिल्याला वेगळा ठेव, त्याच्यावर खूण कर."

चंद्रप्रकाश उभेच होते. त्यांनी खुर्चीवरचा कोट उचलून हातावर घेतला. "तुम्ही दोघं आधी बोलून घ्या," ते म्हणाले. मुलुंडला शाळा शिकलेले असल्याने त्यांचं मराठी चांगलं होतं. "मी इथेच आहे."

जिन्यात मुकुलने दार लावून घेतलं. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"काय झालंय?"

तिने सांगितलं. आम्ल, तीन दिवस, जांभळा रंग.

"आम्लात?" तो म्हणाला. "माणसाच्या रक्तात आम्ल असतं का एवढं? रक्त काय लिंबाचं सरबत आहे? तू अशी परीक्षा घेतलीस की जिच्यात जगातली निम्मी औषधं नापास होतील."

"सहावी पास झाली. सहावी तीन दिवसांनंतरही पिवळी आहे. ज्याची मूत्रपिंडं चालतात त्याच्या अंगातून औषध काही तासांत निघून जातं. ज्याची नाहीत त्याच्या अंगात ते दिवसचे दिवस राहतं, मुकुल. तिथे आम्ल नसलं तरी जस्त आहे, फॉस्फेट आहे. ढिली पकड तिथे सुटतेच. आपण हे औषध त्यांच्यासाठीच करतोय."

"कशावरून ढिली?"

"चौथा हात बसलेला नाही. चौदा तासांवर थांबवलेली बॅच आहे ती."

मुकुलने क्षणभर हिशेब केला. मग तो ताडताड जिना उतरला आणि बाकावर बसलेल्या नंदूभाऊंसमोर जाऊन उभा राहिला. "अठ्ठेचाळीस लिहिलंय कृतीत. चौदा कुणी केले? एकतीस वर्षं काम करून हे? कंपनीची वाट लावलीत तुम्ही."

नंदूभाऊ उठले. वही त्यांच्या हातात होती. त्यांनी ती उघडली नाही, पुढेही केली नाही. "सर, चूक झाली," ते म्हणाले.

चौकीतला माणूस रजिस्टरवरून मान वर करून बघत होता. ऋता शेवटच्या पायरीवर होती. त्या एका क्षणात तिला स्पष्ट दिसलं, की ती गप्प राहिली तर हे असंच राहील. नंदूभाऊ पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. ते कधी बोलणार नाहीत. मुकुल हैदराबादला सांगेल, तंत्रज्ञाची चूक, आम्हीच पकडली. तेही मान्य करतील. तिचं नाव उलट मोठं होईल.

"मी केले," ती म्हणाली.

मुकुल वळला.

"मी फोनवरून सांगितलं थांबवा म्हणून. त्यांनी मला विचारलं होतं, चौदाच झालेत. मी म्हटलं चालेल. लिहिलंय त्यात." तिने नंदूभाऊंच्या हातून वही घेतली, पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. 'मॅडम म्हणाल्या चालेल' हे शब्दही तिने तसेच वाचले.

जिन्यावर चंद्रप्रकाश उभे होते. केव्हा आले कोणाला कळलं नव्हतं. ते खाली आले, वही मागितली, चष्मा चढवून तेच पान वाचलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"आज. तासाभरापूर्वी."

"आणि शंका?"

ऋताने मुकुलकडे बघितलं नाही. "नोव्हेंबरपासून होती. गणितात सात येत होते. आलेखातही काहीतरी होतं. मी ते यंत्राच्या माथी मारलं."

"का?"

"आकडा आवडला होता," ती म्हणाली.

चंद्रप्रकाशांनी वही मिटली. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पींपीं आवाज येत राहिला. मग ते मुकुलला म्हणाले, "माझ्या बॅगेत आज सही करायचे कागद आहेत. ते मी परत नेतो. तुम्ही मला सलग तीन बॅचेस द्या, एकच आकडा, आणि तिन्हींची आम्लातली परीक्षा. आकडा सात असला तरी चालेल. सात वाईट नाही." ते थांबले. "साडेआठ मात्र पुन्हा कुठे लिहू नका."

गाडीत बसताना त्यांनी ऋताला नमस्कार केला नाही. नंदूभाऊंना केला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मुकुल ऋताशी कामापुरतं बोलायचा, तेही बहुतेक ईमेलवर. सही न झाल्यामुळे त्याला दोघांना जा म्हणून सांगावं लागलं, आणि त्यातल्या एका मुलीने, स्वरदाने, जाताना ऋताच्या टेबलापाशी येऊन सरळ विचारलं, "मॅडम, थोडं आधी बघितलं असतंत तर?" ऋताने संशोधनप्रमुखपदाचा राजीनामा लिहून दिला. मुकुलने पद काढून घेतलं, पण तिला जाऊ दिलं नाही. नव्याने कामाला लागावं तशी ती आता ओट्यापाशी, नंदूभाऊंच्या शेजारी उभी राहून काम करू लागली. कृतीत बदल करायचा तर दोघांच्या सह्या, असा नियम तिनेच लावून घेतला.

इंजेक्शन दिलेला तो एक उंदीर रुचिराने पाच आठवडे सांभाळला आणि मग त्याची तपासणी केली. अहवाल मुकुलकडे आला. दुपारी तो कागद घेऊन स्वतः ओट्यापाशी आला. त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच.

"हाडात आहे," तो म्हणाला. "यकृतातही आहे. पाच आठवड्यांनंतर."

"किती?"

त्याने कागद पुढे केला. ऋताने वाचला आणि परत दिला. मुकुल तिथेच उभा राहिला, ओट्यावरची रिकामी नळी उचलून त्याने फिरवली, ठेवली.

"मी तिला दे म्हणालो होतो," तो म्हणाला. "रुचिराला. मागून."

"मी ऐकलं होतं."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू माझ्या फोनबद्दल कुठे बोललास चार लोकांत?"

त्याने कागदाची घडी घातली. जाताना म्हणाला, पेटंटच्या वकिलाला पत्र गेलंय, आकडा दुरुस्त होतोय. अर्ज टिकला तर बरं, नाहीतर नाही.

सप्टेंबरपर्यंत तीन बॅचेस झाल्या. सहा पॉइंट नऊ, सात, सहा पॉइंट नऊ. तिन्हींच्या नळ्या तीन दिवसांनी पिवळ्या निघाल्या. डॉ. चंद्रप्रकाश पुन्हा आले, या वेळी दोन सहकाऱ्यांना घेऊन. राखून ठेवलेल्या पाचातले चार उंदीर अजून जिवंत होते. विक्रोळीच्या त्याच थंड खोलीत पहिलं चित्र पडद्यावर आलं तेव्हा रुचिरा काचेपलीकडून डोकावली आणि माइकवरून म्हणाली, "मागच्याएवढं नाही चमकत."

नव्हतंच चमकत. शिरा दिसत होत्या, बारीकही दिसत होत्या, पण शोधाव्या लागत होत्या. चंद्रप्रकाश पडद्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले. एका शिरेवरून त्यांनी पेनाचं टोक फिरवत नेलं, ती जिथे संपली तिथपर्यंत.

"हे एवढंच," ते ऋताला म्हणाले, "मला दर वेळी मिळेल?"

"मिळेल," ऋता म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि दुसरा उंदीर घ्यायला सांगितलं.